घड्याळ वाचता येत नाही, म्हणून आई होता येत नाही?

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका वडिलांचा अर्ज आला. मुलगी २७ वर्षांची, अविवाहित, बुद्धीनं थोडी कमी आणि २१ आठवड्यांची गरोदर. गर्भपाताला परवानगी द्यावी, अशी वडिलांची विनंती होती. मुलीला मात्र बाळ हवं होतं. न्यायालयानं जे. जे. रुग्णालयातल्या वैद्यकीय मंडळाकडून तिची तपासणी करून घेतली. तिला मानसिक आजार नाही, बुद्ध्यांक ७५ च्या आसपास म्हणजे सीमारेषेवरचा आहे, असं अहवालात आलं. त्यावर खंडपीठानं विचारलं: बुद्धी सरासरीपेक्षा कमी आहे म्हणून एखाद्या बाईला आई होण्याचा हक्कच नाही का?

बातमी वाचून बहुतेकांच्या मनात जे आलं असेल ते मला ओळखीचं आहे, कारण माझ्याही मनात तेच आलं. हक्क आहे हो, पण बाळ सांभाळणार कोण?

प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. फक्त तो कुणाला विचारायचा, यात आपला कायदा आणि आपली यंत्रणा गोंधळलेली आहे. हा लेख त्या गोंधळाबद्दल आहे.

आधी शब्द नीट लावून घेऊ

पूर्वी आपण ‘मतिमंद’ म्हणायचो. आता कायद्यातला शब्द आहे ‘बौद्धिक अक्षमता’. त्यात तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: बुद्ध्यांक साधारण ७० च्या खाली, रोजच्या व्यवहारात अडचण, आणि हे सगळं लहानपणापासूनच असणं. नुसत्या बुद्ध्यांकावर निदान होत नाही, निदान होऊ तरी नये.

हा मानसिक आजार नव्हे. आजार कोणत्याही वयात येऊ शकतो, चढतो-उतरतो, त्यावर औषधं असतात. बौद्धिक अक्षमता ही शिकण्याच्या, समजण्याच्या वेगाची आणि मर्यादेची बाब आहे. घरात ‘जरा भोळी आहे’, ‘डोक्यानं थोडी कमी आहे’ असं म्हणतात ते हेच. २०११ च्या जनगणनेत अशा व्यक्तींची नोंद सुमारे १५ लाख आहे. त्यांतल्या बहुतेकांची अक्षमता सौम्य असते. एसटीनं एकट्यानं जाणं, भाकरी-भाजी करणं, दुकानातून सामान आणणं त्यांना जमतं. अडतं ते सुट्ट्या पैशांच्या हिशेबात, फॉर्म भरण्यात, वेळ सांभाळण्यात आणि उद्याचा अंदाज बांधण्यात.

एक शब्दप्रयोग मात्र मला फार खटकतो: ‘मानसिक वय ९ वर्षं’. याचा अर्थ इतकाच, की एका चाचणीत त्या व्यक्तीला साधारण नऊ वर्षांच्या मुलाइतके गुण पडले. पण २७ वर्षांच्या बाईनं घरातली दोन बाळंतपणं जवळून पाहिलेली असतात, भाचरं कडेवर खेळवलेली असतात, चूल पेटवताना चटकेही खाल्लेले असतात. नऊ वर्षांच्या पोरीकडे हे काही नसतं. बाललैंगिक अत्याचाराच्या कायद्यातलं ‘वय’ म्हणजे मानसिक वय धरावं का, हा मुद्दा २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयानंही वय म्हणजे जन्मतारखेचंच वय, असं सांगितलं.

मूल काढून घेण्याचा अधिकार कुणाला असतो?

आपल्याकडे हे काम बाल न्याय कायदा, २०१५ नुसार चालतं. प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते: एक अध्यक्ष, चार सदस्य. ही समिती न्यायालय नसली, तरी तिला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकावर कुणी फोन केला, पोलिसांना मूल सापडलं, रुग्णालयानं कळवलं, तर २४ तासांत ते मूल समितीपुढे आणावं लागतं. मग समिती ठरवते, मूल घरी पाठवायचं, नातेवाइकांकडे द्यायचं की संस्थेत ठेवायचं.

‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ कोण, याची कायद्यात लांबलचक यादी आहे. त्यात एक प्रकार असा: ज्याचे पालक त्याची काळजी घ्यायला अपात्र किंवा असमर्थ आहेत, असं समितीला आढळलं. हे कलम लागतंच. दारू पिऊन पोराला बडवणारा बाप असतो, तान्ह्याला कुलपात ठेवून आठवडाभर गायब होणारे पालक असतात. त्याच कायद्यात हेही लिहिलंय, की मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. इथवर कुणाची तक्रार नसावी.

पण पुढे कलम ३८ चं तिसरं उपकलम येतं. त्याचा आशय असा: ‘मतिमंद पालकांचं’ मूल किंवा लैंगिक अत्याचारातून जन्मलेलं नको असलेलं मूल, कायद्यातली पद्धत पाळून, समिती दत्तकासाठी मुक्त घोषित करू शकते.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ओळ दोनदा तपासली. इथे ‘काळजी घ्यायला असमर्थ ठरलेले पालक’ असं म्हटलेलं नाही, ‘मुलाकडे दुर्लक्ष करणारे’ असंही नाही. नुसतं ‘मतिमंद पालक’. दुसरे कुणी आई-बाप स्वतःहून मूल समितीच्या स्वाधीन करायला आले, तर हाच कायदा त्यांना फेरविचाराला दोन महिने देतो. या उपकलमात संमती हा शब्दसुद्धा नाही.

आता शेजारचा कायदा पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात (भारतानं तो ऑक्टोबर २००७ मध्ये मान्य केला) स्पष्ट म्हटलंय, की मुलाच्या किंवा आई-वडिलांपैकी कुणाच्याही अपंगत्वाच्या कारणावरून मूल पालकांपासून तोडता येणार नाही. या कराराला अनुसरून आपण २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा केला. त्याच्या कलम ९ मध्ये हे वाक्य आलं, पण अर्धंच. दिव्यांग *मुलाला* अपंगत्वाच्या कारणावरून आई-वडिलांपासून तोडू नका, असं तिथे आहे. दिव्यांग *पालकांचा* भाग वाटेतच गळाला. मुद्दाम की अनवधानानं, कोण जाणे. परिणाम मात्र असा, की एका कायद्यात या आई-बापांसाठी कुलूप नाही आणि दुसऱ्यात दार सताड उघडं आहे.

बाळंतीण कधी एकटी असते?

आपल्याकडच्या कुठल्याही पहिलटकरणीचं उदाहरण घ्या. डोहाळजेवण झालं की माहेरी. बाळ झालं की सव्वा महिना तिला कुणी हलू देत नाही. बाळाला न्हाऊ घालायला गल्लीतली एखादी मावशी येते, पायावर पालथं घालून तेल चोळते, मग धुरी, मग घट्ट बाळुतं. आळीव, डिंकाचे लाडू आजी करते. लस कधी टोचायची ते आशाताई सांगते. बाळ रात्री रडलं तर पोट दुखतंय की कान, ते आई नाही, आजी ओळखते. नवी आई या काळात शिकत असते, चुकत असते आणि तिच्या चुका कुणी वहीत टिपून ठेवत नाही.

ही पोरगी अपात्र आहे, बघा, बाळाला अंघोळसुद्धा दुसरी बाई घालते, असं कुणी म्हणेल का?

बौद्धिक अक्षमता असलेल्या आईबद्दल मात्र हेच म्हटलं जातं. तिला मदत लागते, हाच तिच्या असमर्थतेचा पुरावा ठरतो. इंग्लंडमधल्या शेफील्डचे संशोधक टिम आणि वेंडी बूथ यांनी अशा कुटुंबांचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि एक साधी गोष्ट मांडली: मूल वाढवण्याची क्षमता एका माणसात नसते, ती त्याच्या भोवतीच्या माणसांत वाटलेली असते. आपल्याला हे सांगायला शेफील्डहून कुणी यायची गरज नव्हती खरं तर. पण समितीपुढे आई एकटी बसलेली असते आणि प्रश्न तिला एकटीला विचारले जातात. आजी बाहेर बाकावर.

घड्याळाची गोष्ट

नोव्हेंबर २०१२, अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स राज्य. १९ वर्षांच्या एका आईला मुलगी झाली. आईला सौम्य बौद्धिक अक्षमता. बाळ दोन दिवसांचं असताना बालकल्याण विभागानं ते ताब्यात घेतलं. विभागाच्या नोंदींत काय होतं? एकदा बाळाची ढेकर काढायला विसरली. लंगोट बदलताना अवघडली. आणि काट्यांचं घड्याळ नीट वाचता येत नसल्यानं दूध पाजायची एक वेळ चुकली.

दोन दिवसांची बाळंतीण! आपल्याकडे अशा बाईला कुणी वेळ विचारतही नाही, बाळ रडलं की पदराखाली घ्यायचं.

तिची आई, म्हणजे बाळाची आजी, नोकरी सोडून मदतीला उभी राहिली होती. विभागानं ते मोजलंच नाही. बाळाला दत्तक देण्याच्या दिशेनं पावलं पडू लागली. प्रकरण केंद्र सरकारच्या न्याय आणि आरोग्य खात्यांकडे गेलं. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी निष्कर्ष काढला, की राज्यानं अपंगत्वाच्या आधारावर भेदभाव केला, या आईला तिच्या गरजेनुसार मदत आणि शिकवण द्यायला हवी होती, ती दिली नाही. मार्चमध्ये मुलगी घरी आली. तेव्हा ती दोन वर्षांची होऊन गेली होती. पुढे २०२४ मध्ये तिथल्या केंद्रीय नियमांत बालकल्याण विभागांसाठी वेगळी तरतूदच आली: पालकांची पारख अपंगत्वाबद्दलच्या समजुतींवर करायची नाही.

काट्यांच्या घड्याळाला उपाय काय होता? मोबाइलचा गजर.

पण शिकवून येतं का हे सगळं?

येतं, मात्र शिकवण्याची पद्धत वेगळी लागते. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मॉरिस फेल्डमन यांनी १९८० च्या दशकापासून हे काम केलं: घरी जायचं, काम छोट्या पायऱ्यांत तोडायचं, प्रत्येक पायरी करून दाखवायची, तिच्याकडून करून घ्यायची, जमलं की शाबासकी, आणि भिंतीवर चित्रांची पट्टी. बाळाला अंघोळ, बाटली उकळणं, लंगोटाच्या पुरळाची काळजी, अशी कामं या मातांनी शिकली आणि ती टिकलीही. वर्गात बसवून भाषण देण्याचा किंवा माहितीपत्रक हातात कोंबण्याचा फारसा उपयोग होत नाही. (तो इतर पालकांनाही होत नाही, ते फक्त मान डोलावतात.)

आपल्या घरातलं चित्र डोळ्यांपुढे आणू. समजा, सुनीता नावाची आई आहे, बाळाला ताप आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं: सिरप ५ मिली, सहा-सहा तासांनी. सुनीताला मिली कळत नाही, सहा तासही नीट कळत नाहीत. आता हिला काय जमणार, असं म्हणून हात झटकता येतात. नाहीतर औषधाच्या टोपणाला नेलपॉलिशनं आतून एक लाल रेघ मारायची: इथवर भर, वर नाही. भिंतीवर चार चित्रं लावायची: सूर्य उगवताना, जेवणाचं ताट, दिवेलागण, अंथरूण. दिलं की त्यावर टिकली चिकटव. ओआरएसचं पाकीट कितीभर पाण्यात? ही अमुक बाटली गळ्यापर्यंत, दुसरी वापरायचीच नाही. अशा युक्त्या आशाताई आणि अंगणवाडीताई निरक्षर आयांसाठी कितीतरी वर्षं करत आल्यात.

एक काम मात्र असं शिकवता येत नाही: चित्रांच्या पट्टीवर नसलेलं संकट ओळखणं. ताप उतरला पण बाळ मलूल आहे, दूध ओढत नाही, हे धोक्याचं लक्षण आहे हे कळायला अनुभव लागतो. तिथे जवळ माणूसच हवा. म्हणून मदत ही दोन महिन्यांचा कोर्स नसते, ती मुलाच्या वयाबरोबर बदलत जाते.

आपल्याकडे गोष्ट इथवर येतच नाही

खरं सांगायचं तर महाराष्ट्रात समितीपुढे अशी आई येण्याच्या कितीतरी आधी तिचा निकाल लागलेला असतो. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढायला सुरुवात झाली. कारण सांगितलं गेलं पाळीच्या स्वच्छतेचं. गर्भ राहण्याची भीतीही मागे होतीच. स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावर ते थांबलं, पण तोवर अनेक मुलींवर शस्त्रक्रिया झालेली होती. गर्भ राहू नये म्हणून गर्भाशय काढायचं. बलात्कार होऊ नये म्हणून काय करायचं, याचं उत्तर त्या योजनेत नव्हतं. आज दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १० अशा शस्त्रक्रियेला, त्या व्यक्तीच्या समजून दिलेल्या संमतीशिवाय, मनाई करतं.

२००९ मधलं चंडीगडचं प्रकरणही असंच. सरकारी आश्रयगृहातल्या एका तरुणीवर तिथेच बलात्कार झाला आणि ती गरोदर राहिली. उच्च न्यायालयानं गर्भपाताचा आदेश दिला, तिला मात्र बाळ हवं होतं. सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. आई व्हायचं की नाही हा निर्णय राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि सौम्य बौद्धिक अक्षमतेला मानसिक आजार समजून तिची संमती बाजूला सारता येणार नाही, असं तीन न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं. मुंबईतल्या २०२५ च्या प्रश्नामागे हीच परंपरा आहे.

मूलही ‘तसंच’ निघालं तर?

ही भीती जुनी आहे. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीची सक्तीची नसबंदी योग्य ठरवली. आजी, आई, नात, अशा मंदबुद्धींच्या तीन पिढ्या पुरे झाल्या, असं न्यायमूर्ती होम्स यांनी निकालात लिहिलं. ती ‘तिसरी पिढी’ म्हणजे कॅरीची मुलगी व्हिवियन तेव्हा तीन वर्षांची होती. पुढे शाळेत ती गुणवंतांच्या यादीत आली. आठव्या वर्षी आजारानं गेली. कॅरीला दिवस गेले होते ते बलात्कारातून आणि ती स्वतःही मंदबुद्धी नव्हती, हे नंतर उघड झालं.

वैद्यकीय उत्तर असं: काही कारणं आनुवंशिक असतात, पण जन्मताना गुदमरणं, आईच्या आहारात आयोडीन नसणं, लहानपणीचा मेंदूज्वर यांतूनही बौद्धिक अक्षमता येते. ती पुढच्या पिढीत जात नाही. अशा पालकांच्या मुलांची वाढ मागे राहण्याचा धोका सरासरीपेक्षा जास्त असतो, हे खरं. पण त्यात गरिबीचा आणि घरात कमी कानावर पडणाऱ्या बोलण्याचा वाटा मोठा असतो, आणि त्यावर अंगणवाडीसारखा उपाय आहे.

बाळाचं हित आधी की आईचा हक्क?

बाळाचं हित आधी. यावर माझं दुमत नाही. मूल उपाशी राहत असेल, मार खात असेल, घरात त्याच्यावर हात टाकणारा कुणी असेल, तर त्याला तिथून हलवायलाच हवं, मग आईचा बुद्ध्यांक ६० असो की १२०. मदत देऊनही न जमणारी घरं असतात. ती नाहीत असं म्हणणं खोटेपणाचं होईल.

प्रश्न एवढाच, की आधी मदत देऊन पाहिली का? जर्मनीतल्या कुट्झनर दांपत्याच्या दोन मुली १९९७ मध्ये काढून घेतल्या. आई-वडील शिकण्यात मागे होते, पण मारझोड किंवा उपासमार नव्हती. उलट मुलींसाठी मदत त्यांनी स्वतःच मागितली होती. मुलींना दोन वेगळ्या घरांत ठेवलं, पत्ता आई-बापांना दिला नाही. पहिले सहा महिने भेट नाही. नंतर महिन्यातून एक तास. २००२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं जर्मनीला दोषी धरलं आणि सांगितलं, की दुसरीकडे मूल अधिक चांगलं वाढेल, एवढं कारण त्याला घरातून काढायला पुरेसं नाही. ते पुरेसं असतं तर चाळीतली निम्मी मुलं बंगल्यात पाठवावी लागली असती.

आणि हा सगळा भार पुन्हा आजीवरच?

या आक्षेपाला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. मुंबईच्या प्रकरणात अर्ज घेऊन आलेला बाप दुष्ट नव्हता. तो आपल्या माघारी काय, या काळजीनं आला असावा. ‘कुटुंबाचा आधार’ असं कागदावर लिहिणं सोपं. प्रत्यक्षात एक साठीतली बाई, गुडघे धरलेली, मुलगी आणि नातू दोघांना सांभाळते. तो एकत्र कुटुंबाचा गोतावळाही आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मावत नाही.

कायद्यात पैशाची वाट अगदीच नाही असं नाही. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये दिव्यांग स्त्रियांना उपजीविकेसाठी आणि *मुलांच्या संगोपनासाठी* मदतीच्या योजना करायला सरकारला सांगितलंय. संकटातल्या घरांतल्या मुलांसाठी राज्याची बाल संगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. पण पैशापेक्षा इथे माणसाचे तास लागतात. जर्मनीत ‘सोबतीचं पालकत्व’ नावाची सेवा आहे: सेवक घरी येतो किंवा कुटुंब अशा सोयीच्या जागी राहतं, आणि मूल मोठं होईतो कुणीतरी येत-जात राहतं.

आपल्याकडे असं घरी येणारं माणूस आधीच आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. पंधराव्या महिन्यात मूल नुकतं पळायला लागलेलं असतं, शेगडीकडे, जिन्याकडे, पाण्याच्या पिंपाकडे. सुनीताला सगळ्यात जास्त माणूस लागेल तो हा काळ. त्या भेटीनंतर वेळापत्रक संपतं. मूल अंगणवाडीत बसायला लागतं तिसऱ्या वर्षी. मधल्या पावणेदोन वर्षांत आशाताईच्या अशा ठरलेल्या भेटी नाहीत.